गावभांड्यांची खोली

खोली शाळेच्या आवाराला लागून होती, पण शाळेची नव्हती. ती ग्रामपंचायतीने बांधली होती आणि तिच्यात गावची भांडी राहत. भात शिजवायचे मोठे गंज, वरणाचे गंज, कढया, पराती, झारे, पाण्याचे ड्रम आणि एक तांब्याचा हंडा. हा हंडा कोणाच्याच उपयोगाचा नव्हता, पण तो कोणी दिला हे कोणाला आठवत नसल्यामुळे काढूनही टाकता येत नव्हता. गावात लग्न निघालं की लग्नघरचा माणूस सरपंचबाईंकडून किल्ली नेई, सगळा संच एकदम बाहेर काढी आणि तिसऱ्या दिवशी घासूनपुसून एकदम परत आणून ठेवी. एखादा झारा कमी आला तरी त्या घराचा विषय वर्षभर निघे.

गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातलं. एका अंगाला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या अंगाला जंगल. गावाचं नाव इथे देत नाही, कारण भांडी अजून पूर्ण परत आलेली नाहीत.

ही खोली मॅडमना हवी होती. मॅडम म्हणजे गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका. राहायला मूलला, रोज बसने जाऊन-येऊन. दर मे महिन्यात त्या स्वतःच्या हौसेने मुलांचं पंधरा दिवसांचं शिबिर घेत. मुलांनी हाताने काहीतरी करावं, एवढाच त्याचा नियम होता. भिंगं, आरसे, इंजेक्शनच्या सिरिंज, नळ्या, रंग, कात्र्या असा सगळा पसारा दोन पिशव्या आणि एका खोक्यातून मूलहून येई आणि पंधरा दिवसांनी तसाच परत जाऊन त्यांच्या घरच्या माळ्यावर बसे. मुलांनी केलेल्या वस्तूही त्याच बसने जात. पहिल्या वर्षीचा पेरिस्कोप मूलच्या बसस्थानकावर एका प्रवाशाच्या पायाखाली गेला. दुसऱ्या वर्षीचं मातीचं धरण मॅडमच्या मांडीवरच फुटलं. तेव्हापासून त्यांनी प्रत्येक वस्तू दोनदा करायची सवय लावून घेतली. कंडक्टर त्यांना ओळखू लागला होता. "मॅडम, यंदाबी दुकान बदलून राह्यले का?" असं तो विचारी आणि खोक्याचं अर्धं तिकीट फाडी.

वस्तू राहायला जागा मिळाली तर शिबिर पंधरा दिवसांवर थांबणार नाही, मुलं वर्षभर येऊन काम करतील, असं मॅडमचं म्हणणं होतं. दोन वर्षं त्यांनी खोली मागितली आणि दोन्ही वर्षं नकार आला. तिसऱ्या वर्षी सरपंचबाईंनी अट घातली. मी त्या वेळी हजर होतो.

"मॅडम, तुमचं काम चांगलं हाये. मी कुठी नाई म्हनते? पन उद्या लोक मले इचारतीन, भांडे काऊन काहाडले? मी काय सांगू?"

"मुलांची प्रयोगशाळा होईल म्हणून सांगा."

"सांगून का होते जी? त्याईले दिसाले पायजे. तुमच्या समारोपाले या गावातले अर्धे घरं येऊ द्या. अर्धे. मंग किल्ली तुमची. नाई आले तं भांडे हायेत तिथीच राहतीन."

मागच्या वर्षीच्या समारोपाला मुख्याध्यापक, शिपाई आणि एक बकरी आली होती. बकरी शेवटपर्यंत थांबली.

माझा संबंध असा. चंद्रपूरच्या एका दैनिकात मी तीस वर्षं उपसंपादक होतो. मॅडम दरवर्षी बातमी पाठवत. तीत शिबिर "अत्यंत उत्साहात व आनंदाच्या वातावरणात" पार पडल्याचं लिहिलेलं असे आणि मी ते पाच शब्द कापत असे. एकदा त्यांनी फोन करून विचारलं, "सर, उत्साह खरंच होता. मग कापला का?" मी म्हटलं, जागा नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला. "आता जागा आहे. मुलांना भित्तिपत्रक करायला शिकवा." मूलला माझी बहीण राहते. मी पंधरा दिवस तिच्याकडे मुक्काम टाकला आणि रोज मॅडमच्या बसने गावात गेलो.

मे महिना हा इकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे घरची सगळी माणसं जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानं घेऊन परततात आणि दुपारभर पुडे बांधत बसतात. सत्तर पानांचा एक पुडा. शिबिराची वेळ दुपारची ठेवली होती, कारण शाळेच्या भिंती जाड आहेत. मुलं आली ती पानं घेऊनच. मॅडम फळ्यावर तरफ समजावत आणि समोर तीस जोड्या हात पुडे बांधत. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, पानं खाली ठेवा. मुलांनी ठेवली, आणि वर्गातली सगळी मुलं रिकाम्या हातांनी इतकी अवघडून बसली की मॅडमनी पाच मिनिटांत पानं परत घ्यायला सांगितलं. सहावीतली एक मुलगी न मोजता पुडा बांधत असे. मॅडमनी शंका आली म्हणून तिचा एक पुडा सोडून मोजला. सत्तर. दुसरा सोडला. सत्तर. तिसरा सोडायला हात पुढे केला तेव्हा मुलगी म्हणाली, "मॅडम, बांधाले मलेच लागते." मॅडमनी पुडा परत दिला आणि तिला सौर पेटीची जबाबदारी दिली.

सौर पेटी हा त्या वर्षीचा मुख्य प्रयोग. मोठ्या खोक्यात लहान खोकं, मधल्या जागेत भरायला मूलच्या राइस मिलमधून आणलेला धानाचा कोंडा, आतून काळा रंग, वर जुन्या तसबिरीची काच. आत डब्यात तांदूळ आणि पाणी ठेवायचं आणि पेटी उन्हात मांडायची. चंद्रपूरकडचं मे महिन्यातलं ऊन पाहता हा प्रयोग फसणं अवघड होतं. काळ्या रंगाला पर्याय म्हणून त्या मुलीने काजळी सुचवली. सरपंचबाईंनी गावभांड्यांतला सर्वांत मोठा गंज खरवडायला दिला. "तेवढंच घासाचं वाचलं," त्या म्हणाल्या. मुलीने गंजाच्या बुडाची काजळी चमच्याने अशी काढली की तिथे ताटाएवढा लखलखीत गोल पडला. मॅडमच्या सवयीप्रमाणे पेट्या दोन केल्या. एक आवारात ठेवायची, दुसरी शाळेच्या गच्चीवर, कारण मागच्या वर्षीची बकरी अजून होती.

भित्तिपत्रकाचं काम माझ्याकडे होतं. कोण, काय, कुठे, कधी, विशेषणं नकोत, ज्याच्याविषयी बातमी आहे त्याची बाजूही विचारून घ्यावी, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आलेली पहिली बातमी अशी होती: "आमच्या घरची शेळी काल दुपारी व्याली. तिला दोन पिल्ले झाली. याबाबत तिला विचारले असता तिने काही सांगितले नाही." मी ती जशीच्या तशी लावली.

समारोप रविवारी होता. अर्धं गाव आणायचं म्हणजे गावात पुकारा करायला हवा, म्हणून मॅडमनी मूलहून माइकवाल्या भाऊंना बोलावलं. मंडप, माइक, जनरेटर आणि दोन भोंगे बसवलेली ऑटोरिक्षा असा त्यांचा वडिलांपासूनचा व्यवसाय. उन्हाळ्यात ते लग्नं करतात. धान निघाल्यानंतरच्या दिवसांत मात्र झाडीपट्टीत, म्हणजे या जंगलाच्या पट्ट्यात, गावोगावी नाटकं लागतात आणि तेव्हा नाटक कंपन्यांचा प्रचार करण्यात त्यांचा हात धरणारा मूलपासून त्या कंपन्यांचं माहेर असलेल्या वडस्यापर्यंत कोणी नाही. त्यांना कळावं म्हणून मी मजकूर लिहून ठेवला होता:

"उन्हाळी शिबिराचा समारोप रविवारी सायंकाळी पाच वाजता शाळेच्या आवारात होईल. मुले विज्ञानाचे प्रयोग व कलावस्तू सादर करतील. ग्रामस्थांनी उपस्थित राहावे."

माइकवाल्या भाऊंनी तो दोनदा वाचला.

"भाऊ, बुरा नका मानू. मयतीचा पुकारा याच्यापेक्षा बरा ऱ्हाते."

"यात सगळी माहिती आहे," मी म्हटलं.

"माहिती हाये. यायचं कारन नाई." ते मॅडमकडे वळले. "मॅडम, मेन आयटम काय?"

"सौर पेटी. विस्तवाशिवाय भात शिजतो."

"चूल नाई?"

"चूल नाही."

"गॅसबी नाई?"

"काहीच नाही. फक्त ऊन."

माइकवाल्या भाऊंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले आणि माझ्याकडचं पेन मागून घेतलं. त्यांनी माझ्या मजकुरातला एकही शब्द काढला नाही. फक्त वर लिहिलं: "चुलीविना संसार, अर्थात उन्हाने शिजवला भात." आणि खाली लिहिलं: "मायबहिणींसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था."

"हे शीर्षक कशाला?" मी विचारलं.

"भात शिजते का नाई?"

"शिजतो."

"चूल हाये का?"

"नाही."

"मंग खोटं काय हाये त्याच्यात?"

मी मजकूर पुन्हा वाचला. मायबहिणींसाठी वेगळी सतरंजी होती. खोटं विधान एकही नव्हतं. तीस वर्षांच्या नोकरीत ज्या मजकुरात खोटं विधान सापडलं नाही तो मी सोडत आलो होतो. हाही सोडला.

माझ्याकडून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या राहिल्या. एक, या भागात "मायबहिणींसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था" हे वाक्य भोंग्यातून, त्या आवाजात आणि मागे तो घुमारा घेऊन आलं की त्याचा अर्थ एकच होतो, नाटक लागलं आहे. आणि मे महिन्यात नाटक लागत नाही; त्यामुळे लागलं आहे म्हणजे काहीतरी खास असणार. दुसरी गोष्ट, पुकारा "गावात" करायचा, हे मी लिहिलं नव्हतं. माइकवाल्या भाऊंना त्या शुक्रवारी गडचिरोलीच्या बाजूला एक मंडप पोचवायचा होता. वैनगंगेपर्यंतचा रस्ता रिकामा काऊन जावा, असा विचार त्यांनी केला आणि वाटेतलं एकही गाव सोडलं नाही.

झाडीपट्टीत नाटक पाहायला माणूस एकटा जात नाही. ज्या गावात नाटक, त्या गावच्या नातेवाइकांकडे पाहुणा म्हणून जातो. जाताना बायको, मुलं, आईवडील आणि लग्नाचा भाचा असेल तर भाचा नेतो. यजमानाने नाटकाच्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. त्यासाठी निमंत्रण लागत नाही, पुकारा पुरतो.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पेटीवाली मुलगी शाळेत आली.

"मॅडम, मामा आला. आत्याबी आली. मावशी नागभीडहून निघाली."

"अरे वा. घरी काही कार्यक्रम?"

"नाई. नाटकाले आले."

"कोणतं नाटक?"

मुलीने मॅडमकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आपलंच," ती म्हणाली.

अकरापर्यंत गावात मोटारसायकली ठेवायला सावली उरली नाही. दोन टेम्पो आले. शाळेच्या फाटकाशी एक भजेवाला आणि एक पानठेला लागला. एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले.

"कंपनी कोनती हाये जी? वडस्याची का?"

"कंपनी नाही. शाळेतली मुलं आहेत. हे नाटक नाही."

"बरं बरं," ते समजुतीने म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "अन् हिरोईन?"

एक कुटुंब तर दुसऱ्या गावाहून पाहुणी आलेली एक मुलगी पाहायलाच आलं होतं. बोलणी थंडीपासून अडून होती. नाटक लागलं म्हणताच त्यांनी मुलाला नवा शर्ट घालून आणलं. मॅडम बारा वाजता वर्गात जाऊन पाच मिनिटं एकट्या बसल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा एकदम शांत होता. "सर, अर्धं गाव हवं होतं," त्या म्हणाल्या. "ही तर चार गावं आली. अट पूर्ण होते ना?" मीही तेव्हा हो म्हटलं.

दुपारी सरपंचबाईंकडे धावपळ सुरू झाली. ज्या घरी चार माणसांचा स्वयंपाक होतो तिथे पंधरा माणसं होती. बाया किल्ली मागायला आल्या. सरपंचबाईंनी खोली उघडली आणि बाजूला झाल्या, कारण त्यांच्या स्वतःच्या घरी अकरा पाहुणे होते. ज्याला जे हाती लागलं ते त्याने नेलं. कोणी गंज, कोणी परात, कोणी नुसताच झारा. एका तासात खोलीत तांब्याचा हंडा तेवढा उरला.

समारोपाची आमची आखणी अशी होती: आवाराच्या कडेने टेबलं मांडायची, प्रत्येक टेबलाशी दोन मुलं उभी राहतील, लोक फिरून पाहतील आणि प्रश्न विचारतील. लोकांनी तीन वाजताच मंडपात चटया आणि पोती टाकून जागा धरल्या. जागा धरलेला माणूस नाटक संपेपर्यंत उठत नाही. मॅडमनी माइकवरून विनंती केली की कृपया उठून टेबलांकडे यावं. सगळ्यांनी आदराने ऐकलं आणि कोणी हललं नाही. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "आमी उठू अन् जागा कोन सांभाळन? तुमी?"

तेव्हा टेबलं मंचावर न्यावी लागली. सूत्रसंचालन माइकवाल्या भाऊंनी कोणाला न विचारता हाती घेतलं. प्रत्येक मुलाचा परिचय त्यांनी "बालकलाकार" म्हणून करून दिला. सिरिंज आणि नळ्यांनी केलेल्या जेसीबीने मातीचं ढेकूळ उचललं तेव्हा एका माणसाने उभं राहून "वन्स मोर" म्हटलं आणि ढेकूळ पुन्हा खाली ठेवून पुन्हा उचलावं लागलं. पळसाच्या फुलांच्या रंगांनी रंगवलेली चित्रं एकेक करून उंच धरली गेली. भित्तिपत्रकातली शेळीची बातमी वाचली तेव्हा हसू इतका वेळ थांबेना की पुढची, हातपंप नादुरुस्त असल्याची बातमी कोणी ऐकली नाही. ती महत्त्वाची होती.

मग मुख्य प्रयोग आला. आवारातली पेटी अकरा वाजता उन्हात मांडलेली होती. ती मंचावर आणली. माइकवाल्या भाऊंनी आवाज खाली आणला. मुलीने काच सरकवली, डबा काढला, एक शीत बोटांत घेऊन दाबलं आणि मॅडमकडे पाहून मान हलवली.

तांदूळ कच्चा होता. पाणी नुसतं कोमट होतं.

मॅडमनी स्वतः दाबून पाहिलं. त्यांचा हात डब्यातच राहिला. चार गावांची माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि ज्या खोलीसाठी हे चाललं होतं ती त्यांना मंचावरून समोर दिसत होती. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत उठली.

"बाई, त्या लेकराले नको बोलू. पेटी मीनं सरकवली."

"तुम्ही?"

"मंग? भर उनात अन्न ठेवते का कोनी? खराब होऊन जाते. दुपारी आली तं पाह्यली, म्हनलं कोनाचं लेकरू ठेवून इसरलं. लिंबाखाली ठेवली. वरून माह्या टावेलबी झाकला."

माइकवाल्या भाऊंना हे असह्य झालं असावं. "रसिकहो," ते म्हणाले, "भात कच्चा. संसार उघड्यावर. आता पुढे काय? पाच मिनिटांचं मध्यंतर."

भजेवाल्याकडे गर्दी झाली. मुलगी मंचावरून उतरली आणि मागच्या लोखंडी शिडीने गच्चीवर गेली. तिथली पेटी कोणा पाहुण्याच्या नजरेला पडली नव्हती. मध्यंतर संपायच्या आत ती पेटी पहिल्या पेटीशेजारी ठेवलेली होती. काच सरकवल्यावर वाफ आली आणि मुलीच्या चष्म्यावर बसली. तिने चष्मा पुसला नाही. चाचपडत डबा बाहेर काढला आणि तिरका केला. भात मोकळा होता.

टाळ्या पडल्या. मॅडमनी मात्र हात वर करून त्या थांबवल्या. दोन्ही डबे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. "तांदूळ एकाच पोत्यातला," त्या म्हणाल्या. "पाणी सारखं. पेट्या सारख्या. दोन्ही अकरा वाजता ठेवल्या. मग एक शिजला, एक का नाही?"

मग मला कंपनी विचारणारे ते गृहस्थ म्हणाले, "सावली."

"हो. बाकी काहीच वेगळं नव्हतं."

"म्हंजे माह्यामुळं बिघडलं," म्हातारी म्हणाली.

"तुमच्यामुळं कळलं, आजी. नुसता शिजलेला भात दाखवला असता तर लोक म्हणाले असते, आतमध्ये काहीतरी लपवलं आहे."

"मी तेच म्हनून राह्यली होती मघापासून," शेजारची बाई म्हणाली.

धानाच्या पट्ट्यातल्या माणसांसमोर भात ठेवला की तो तपासला जाणारच. बाया रांगेने मंचावर आल्या, एकेक शीत अंगठा आणि बोटात दाबून पाहिलं, जिभेवर ठेवलं आणि आपसात चर्चा केली. तांदूळ जुना असावा, पाणी बोटभर कमी चाललं असतं, असं ठरलं. निकाल म्हातारीने सांगितला आणि माइकवाल्या भाऊंनी जाहीर केला: "भात पास. मीठ नापास." नवा शर्ट घातलेल्या मुलाने दोन वेळा शीत उचललं, पण त्याचं लक्ष भाताकडे नव्हतं, बायांच्या रांगेतल्या त्या पाहायच्या मुलीकडे होतं.

सरपंचबाई आल्या तेव्हा लोक उठायला लागले होते. त्यांचे हात हळदीने पिवळे होते.

"किती लोक आले हो, मॅडम."

"आले," मॅडम म्हणाल्या. खूप दिवसांनी त्या हसल्या.

"आपल्या गावचे किती?"

मॅडमनी मंडपाकडे पाहिलं. मीही पाहिलं. मुख्याध्यापक होते. शिपाई होता. शिबिरातली मुलं होती. बाकी एकही चेहरा ओळखीचा नव्हता. आम्ही दोघांनी मग गावाकडे पाहिलं. संध्याकाळचे साडेसहा झाले होते आणि प्रत्येक घराच्या छपरावर धूर होता. "चुलीविना संसार" चालू असताना गावातली एकूण एक चूल पेटलेली होती आणि पाहुणे नाटक पाहायला येऊन बसल्यामुळे यजमान घरी राबत होते.

"अर्धे घरं म्हनलं होतं मी," सरपंचबाई म्हणाल्या.

"हो. म्हणाला होतात."

"मीबी नाई पाह्यलं. माह्या घरी अकरा पाहुने. कालवन आत्ता उतरवून आली."

मॅडमनी हरकत घेतली नाही, मला पेपरवाल्याला साक्षीला धरलं नाही. एवढंच विचारलं की मंडप आजच उतरणार आहे, बस पकडायची आहे, पेट्या आणि बाकीच्या वस्तू आजच्या दिवस त्या खोलीत ठेवू का. खोली तशीही रिकामीच आहे.

सरपंचबाईंनी पदराला हात पुसले. मंचावर जेसीबी उचलून धरलेल्या मुलीकडे त्या जरा वेळ पाहत राहिल्या.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "भांडे येईपर्यंत ठेवा."

पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले. भांडी आली नाहीत. कारण सोपं होतं. संच एकदम नेतात आणि एकदम आणतात, हा गावचा रिवाज. आणि या वेळी संच एकाकडे नव्हता. जो एक परात घेऊन येईल त्याला बाकीच्या पराती विचारल्या जातील, म्हणून पहिली परात कोणी आणेना. पंधरा दिवसांनी एक झारा पंचायतीच्या पायरीवर सापडला. मग एकेक वस्तू सकाळी तिथे दिसू लागली. सरपंचबाईंनी ती सगळी पंचायतीच्या ओसरीत रचून ठेवली आणि जाहीर केलं की संच पूर्ण झाल्याशिवाय खोलीत ठेवायचा नाही, नाहीतर हिशेब लागणार नाही. लग्नांसाठी भांडी तिथूनच जाऊ लागली. यात कोणाची गैरसोय झाली नाही.

शाळा सुरू झाली तेव्हा खोलीत फळ्या लागल्या होत्या. दिवाळीपर्यंत एक टेबल आलं. तांब्याचा हंडा मुलांनी पाऊस मोजायच्या साधनाचा पाया म्हणून वापरला. मॅडमच्या पिशव्या आता रिकाम्या येतात आणि कंडक्टर त्यांना दुकान बसलं का म्हणून विचारतो. पुढच्या वर्षी शिबिराचा मे महिना लागला तोपर्यंत संचातली एकच वस्तू यायची राहिली होती: सर्वांत मोठा गंज.

त्या मे महिन्यात सरपंचबाईंनी मला चहाला बोलावलं. अंगणात बसलो. गोठ्याच्या भिंतीशी एक गंज पालथा घालून ठेवला होता आणि त्यावर एक कोंबडी बसली होती. कोंबडी उठली तेव्हा बुडावर काजळी खरवडलेला तो ताटाएवढा गोल दिसला, एका स्वयंपाकाने जरासा धुरकटलेला.

"एक गंज अजून यायचा आहे म्हणतात," मी म्हटलं.

"हो नं जी. शोधूनच राह्यलो."

"सापडेल का?"

"आता कोनाकोनाच्या घरात जाऊन पाहू मी, भाऊ? बरं दिसते का ते?" त्यांनी कपात चहा ओतला. "सापडला का मले खोली खाली करा लागन मॅडमची. बोलली हावो नं मी, भांडे येईपर्यंत."

त्या आठवड्यात भित्तिपत्रकासाठी एक बातमी आली. लिहिणारी तीच मुलगी, आता सातवीत गेलेली. शीर्षक होतं "गावचा गंज अद्याप बेपत्ता". खाली कोण, काय, कुठे, कधी असं सगळं नीट होतं आणि सरपंचबाईंची बाजूही घेतली होती. शेवटचं वाक्य होतं, "गंजाचा कसून शोध सुरू आहे."

मी त्यातला "कसून" तेवढा कापला आणि बातमी लावायला दिली.